पेटी, पियानो आणि आत्या

सोलापुरात चादर टिकते, शेंगांची चटणी टिकते, कडक भाकरी तर महिना महिना टिकते. पियानो मात्र टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की त्याचे लाकूड आकसते, तारा ढिल्या पडतात आणि सारे स्वर उतरतात. पावसाळी दमटपणा आला की तेच लाकूड फुगते. मग पट्टी दाबली की ती खालीच बसून राहते, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखी. सव्वादोनशेच्या आसपास तारा! त्या जुळवणारा माणूस मुंबईहून यायचा. दोन दिवस कान लावून बसायचा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत जायचा. त्याची गाडी कुर्डुवाडीला पोचेपर्यंत इकडे मध्यम घसरलेला असे!

अशा वाद्यावर मी तीसएक वर्षे रविवारी उपासनेची गीते वाजवीत आलो आहे. माझा खरा व्यवसाय मास्तरकीचा. वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, गीतांचे पुस्तक समोर उघडे असते, त्यात पाहून वाजवायचे, त्यात अवघड ते काय? अवघड हे की त्या पुस्तकाला दोन माहेरे आहेत.

एक माहेर परदेशी. अमेरिकन मराठी मिशनची माणसे एकोणिसाव्या शतकात नगर-सोलापूरकडे आली, ती आपल्या चाली बरोबर घेऊन आली. शब्द मराठी केले, चाल तीच ठेवली. आता इंग्रजी गीताची ओळ पुष्कळदा हलक्या अक्षरावर सुरू होते आणि जोर दुसऱ्यावर पडतो. आपली मराठी मात्र पहिल्या अक्षरापासूनच पाय रोवून उभी राहणारी. मग ‘प्रभु’ म्हणताना ‘प्र’ घाईने उरकायचा आणि ‘भू’ ताणत बसायचे. ऱ्हस्व-दीर्घाचे असे हाल शाळेच्या वहीत कुणी केले असते, तर मी लाल शाई वापरली असती. चर्चमध्ये मी डाव्या हाताने पहिल्या अक्षराखाली एक खर्जाचा स्वर हळूच सरकवतो. तेवढ्याने शब्दाला टेकू मिळतो.

दुसरे माहेर आपले, इथले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले, १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी अभंग आणि ओव्या दिल्या. तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे त्यांचे सांगणे असे. अभंगाचे माप आपणा सर्वांना ठाऊक आहे : सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे. ही जी शेवटी दोन अक्षरे कमी पडतात ना, तिथेच सारी गंमत आहे. गाणारा तिथे श्वास घेतो आणि टाळ वाजतो. पियानोवाल्याने तिथे काय करावे, हे मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही.

हे मला शिकविले आत्यांनी. सारी मंडळी त्यांना आत्या म्हणे. तारुण्यात त्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. सुताची तूस छातीत बसली ती कायमची. वडील बार्शीकडच्या एका खेड्यातले, एकतारीवर भजन करणारे. टिळकांचा एक अभंग ते भैरवीत म्हणत. ती चाल आत्यांखेरीज कुणालाच येत नव्हती, कागदावर तर कुठेच नव्हती.

एका जानेवारीत, गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती, त्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “बाळा, मी जाईन तवा ही चाल लागली पाहिजे. दुसरी नको. लिवून घे.”

मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. पूर्वी त्या काळी चारमध्ये गात, आता आवाज पांढरी तीनपर्यंत खाली आला होता. एक कडवे झाले की दम लागे. मग पाणी, मग थोडे गप्प बसणे. दर कडव्याला चाल जराशी बदले. “आत्या, काल इथे कोमल गंधार होता,” मी म्हणे. “काल हुता, आज न्हाई,” त्या म्हणत. अशा उत्तराचे स्वरलेखन कसे करावे? आणि कोमल ऋषभावरचा तो हेलकावा तर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहणारा. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली बिचाऱ्या पेटीला दार बंद केले, ते १९७१ साली कुठे किलकिले झाले. पियानोची मग काय कथा!

मी तीन मांडण्या करून पाहिल्या आणि लहान पेटीवर त्यांना ऐकविल्या. पहिलीत भरगच्च स्वरसंगती होती. पाश्चात्त्य रीतीने ओळ संपविताना शुद्ध निषाद आणि शुद्ध ऋषभ लागतो. भैरवीला तर दोन्ही कोमल हवेत. आत्या ऐकून म्हणाल्या, “हे सायबाच्या बंगल्यातलं वाटतंय.” दुसरीत नुसते षड्ज-पंचम, तंबोऱ्यासारखे. “ही तर मी मेल्यावानीच झाली की!” म्हणून हसल्या आणि त्या हसण्यानेच खोकला आला. तिसरीत मी षड्ज-पंचम ठेवले, उजव्या हाताला फक्त चाल दिली आणि चार अक्षरांनंतरच्या मोकळ्या जागेत डाव्या हाताचे दोन ठोके ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कडव्यापासून गाऊ लागल्या, ते शेवटपर्यंत. पाणी मागितले नाही.

ती चाल मी कॉयरमधल्या चार मुलांना शिकविली. आत्या खाटेवर पडून ऐकत आणि चुकले की बोट हलवीत.

एप्रिलात त्या गेल्या. उन्हाने पियानो पाव स्वर तरी उतरला होता. मुलांना ते सोयीचेच पडले. पहिले कडवे चौघेच गायले, कारण मंडळीला चाल ठाऊक नव्हती. आत्यांच्या गल्लीतले शेजारी आले होते. त्यांत पद्मशाली विणकर होते आणि विठ्ठलाच्या भजनी मंडळाचे दोघे म्हातारे होते. ते संकोचाने दारापाशीच उभे राहिले होते. दुसऱ्या कडव्याला अभंगाचे माप त्यांच्या कानांनी ओळखले असावे. चार अक्षरे संपली आणि माझे ठोके पडायच्या जागी दारातून हातांची टाळी आली. पुढच्या ओळीला पुन्हा आली, नेमकी. मी डावा हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवला. चौथ्या कडव्यापर्यंत बाकांवरच्या बायका धरू लागल्या होत्या.

नंतर त्या दोघांतल्या एकाने मला विचारले, “मास्तर, ही चाल कुनाची म्हनायची?” मी आत्यांच्या वडिलांचे गाव सांगितले. “तरीच,” तो म्हणाला आणि वहाणा शोधू लागला.

त्या चालीचा कागद आता कॉयरच्या फायलीत आहे. हल्ली वाजवायला बसतो तो मुलगा विजेच्या कीबोर्डवर वाजवितो. त्याला ऊन बाधत नाही. परवा त्याने विचारले, “सर, इथे डाव्या हाताचे स्वर खोडून टाकलेत, मग मी काय वाजवू?” मी त्या मोकळ्या जागी पेन्सिलीने लिहून दिले : ‘थांबणे. टाळी मंडळीची.’