खांद्यावरचा वेताळ

थोर माणसाचा मुलगा आणि गाजलेल्या गोष्टीची नवी आवृत्ती, या दोघांच्या कपाळी एकच दुर्दैव लिहिलेले असते. दोघेही दारात आले की लोक त्यांच्याकडे न पाहता त्यांच्या मागे कोण दिसते ते पाहतात. मुलगा वडिलांहून उंच असो, त्याच्या अंगावर रेशमी सदरा असो, लोक म्हणणार, 'वडिलांची सर नाही बुवा!' दूरचित्रवाणीवरच्या आमच्या वेताळाचे नेमके असेच झाले आहे.

1985 साली रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली. अरुण गोविल विक्रम झाले होते. प्रभू रामचंद्र व्हायला त्यांना अजून अवकाश होता. पांढऱ्या केसांचा वेताळ सज्जन या नटाने उभा केला होता. नांदेडला वजिराबादेतल्या आमच्या घरावर नुकताच अँटेना चढला होता आणि निम्मी गल्ली आमच्या सतरंजीवर बसून तो वेताळ पाही. वेताळ उडाला की कुणी तरी चित्र कापून आकाशावर चिकटवल्यासारखा दिसे. तरीही आम्ही पोरे रात्री अंगणात एकटी जात नसू.

पुढे 2018 साली त्याच गोष्टी 'विक्रम बेताल की रहस्य गाथा' या नावाने अँड टीव्हीवर आल्या. तोवर मी नोकरीनिमित्त लातूरकर झालो होतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीशेजारी बसून मी ती मालिका पाहिली. मकरंद देशपांडे यांच्यासारखा कसलेला नट वेताळ झाला होता. संगणकाने रंगवलेले जंगल होते, धूर होता, प्रकाशाचे लोळ होते. पैशाची काटकसर कुठे दिसली नाही. तरी माझी मुलगी काही अंगणात जायला भ्यायली नाही.

तुम्ही म्हणाल, लहानपणीचे सगळेच गोड लागते. लागते खरे. पण माझी तक्रार धुराबद्दल नाही. धुराने जे झाकले त्याबद्दल आहे.

मूळ गोष्ट आठवून पाहा. क्षांतिशील नावाचा भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी ते फळ माकडाच्या हाती लागते आणि आतून रत्न बाहेर पडते. रोजच्या फळात रत्न! राजा उपकाराने बांधला जातो आणि भिक्षूच्या शब्दाखातर स्मशानातले प्रेत खांद्यावर घेतो. भिक्षूच्या मनातले कपट त्याला अखेरीस कळते, तेही त्या प्रेताच्याच तोंडून. ज्याला साधू मानले तो घातकी निघाला आणि ज्याला भूत मानले तो हितकर्ता. नव्या मालिकेत भद्रकाल नावाचा दुष्ट शक्तीचा अवतार आहे. त्याला पाहताच लहान मूलही सांगेल, हा खलनायक! मग राजाची फसगत व्हायची कशी, आणि आपली तरी कशी?

दुसरी गोष्ट प्रश्नांची. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन, असा पेच घालून वेताळ प्रश्न विचारतो. म्हणजे न्याय करायचा तर हातातले काम गमवायचे. सारी कथा या पेचावर उभी आहे.

आमच्या घरी मालिका संपली की वडील संच बंद करीत आणि मूळ पंचविशीतली एखादी गोष्ट सांगून आम्हाला कोड्यात टाकीत. एकदा त्यांनी मंदारवतीची गोष्ट सांगितली. तिला तिघे मागणी घालतात. ती अकाली मरते. एक तिच्या अस्थी गंगेत न्यायला निघतो, एक रानोमाळ भटकून मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवतो, आणि एक तिची राख राखीत स्मशानातच झोपतो. मंत्राने ती जिवंत होते. मग ती कोणाची?

आई सहसा आजीसमोर बोलत नसे. त्या दिवशी बोलली, "राखेपाशी बसला त्याची." राजाचेही उत्तर तेच होते. वडील खूष झाले. पण आजी म्हणाली, "मंत्रवाल्याला द्या पोरगी. त्याच्यापाशी विद्या आहे. राखेपाशी बसून पोट भरत नसतंय, नाना. मी बसलेय की."

आजोबा गेले तेव्हा आजी सव्वीस वर्षांची होती आणि वडील चार. घरात त्याबद्दल कोणी कधी बोलत नसे. वडिलांनी मान खाली घातली. आई उठली आणि तिने आजीच्या पुढ्यात पाण्याचे फुलपात्र ठेवले. त्या दोघी दुपारी शेजारी बसून बोलताना मी पाहिल्या त्या त्या दिवसानंतरच.

लातूरच्या घरी मालिका चालू असताना मी मुलीला विचारले, "तू काय उत्तर दिलं असतंस?" ती म्हणाली, "बाबा, थांबा ना, आता भद्रकाल येणार आहे!" तिचा काय दोष? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये माणसाला तोंड उघडायला फट लागते. ती फट त्यांनी लढाईने बुजवून टाकली होती.

तिसरे दुःख खास आम्हा मराठवाड्याचे, आणि ते दोन्ही मालिकांनी दिले. दोन्हींतला राजा उज्जैनीचा विक्रमादित्य. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यातला वेताळ वाहणारा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचे नगर गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! ज्या 'बृहत्कथे'वरून सोमदेवाने आपला सागर भरला, ती गुणाढ्याची. तो सातवाहनाच्या पदरी होता. आख्यायिका अशी की राजाने त्याची पैशाची भाषेतली कथा नाकारली, तेव्हा तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळाले. पैठणचे पाणी नांदेडवरून जाते आणि लातूरची मांजराही शेवटी गोदावरीलाच मिळते. पण आमच्या पोरांना हा राजा आपला आहे याची वार्ता नाही.

नव्याने सांगूच नये असे मी म्हणत नाही. मराठीत 1952 पासून आलेल्या 'चांदोबा'ने मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावरही वेताळाच्या नव्या गोष्टी वर्षानुवर्षे दिल्या. शंकर यांनी काढलेले ते चित्र, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, आजही डोळ्यांसमोर आहे. त्या नव्या गोष्टी चालल्या, कारण त्यांनी राजाच्या खांद्यावरचे ओझे हलके केले नाही.

पुढेमागे कोणी तरी वेताळाला पुन्हा झाडावरून उतरवीलच. संगणक तोवर आणखी हुषार झालेला असेल. उतरवणाऱ्याला एवढेच सांगावेसे वाटते: बाबा रे, धूर हवा तेवढा कर. मात्र प्रश्न विचारून झाल्यावर घटकाभर गप्प बस. घरोघरी कोणी तरी बोलायचे थांबलेले असते.