फिरत्या बिऱ्हाडातील जीर्णोद्धार

मोटरहोम घेऊन अमेरिकेच्या रस्त्यांवर भ्रमंती करणाऱ्या गृहस्थांची बैठक कोठेही जमली, तरी इंजिनाविषयीचे संभाषण लवकर आटोपते आणि फ्रिजविषयीचे संभाषण मात्र मध्यरात्रीपर्यंत लांबते, हा माझा निवृत्तीनंतरच्या वर्षांतील अनुभव आहे. त्याचे कारणही उघड आहे. इंजिन बंद पडले, तर विम्याच्या कराराप्रमाणे गाडी ओढून नेणारा ट्रक येतो, गॅरेजवाला कागदावर सही घेतो आणि मामला रीतसर मार्गी लागतो. परंतु फ्रिजने मान टाकली, तर ती बाब सर्वस्वी खासगी समजली जाते, आणि दह्याचे विरजण, ओल्या नारळाचा चव, निवडून ठेवलेली कोथिंबीर व थंड जागी ठेवावयाची औषधे यांचा निवाडा ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

आमचा मुक्काम त्या वेळी मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, सुपीरियर सरोवराच्या काठी, पॉर्क्युपाइन माउंटन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरण्यात होता. आम्ही उतरलो होतो त्या जागेला विजेची जोडणी नव्हती, आणि म्हणूनच ती आम्हांस प्रिय होती. सकाळी पत्नीने फ्रिजचे दार उघडले आणि नाकाला पदर लावून ती मागे सरली. तिने ऐन उमेदीची वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविण्यात घालविली असल्यामुळे तिचे निदान माझ्या निदानाच्या नेहमीच एक पाऊल पुढे असते. "अहो, इथं कुणी चुना नि नवसागर चोळलाय का?" असे तिने विचारले, आणि त्या एका प्रश्नात रोगाचे नाव आले होते. मी गॅसचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या व गाडीबाहेर जाऊन फ्रिजच्या पाठीमागची जाळीची झडप काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले. बॉयलरच्या वेष्टनाखाली, काळ्या रंगाच्या नळीवर, हळदीहून किंचित हिरवट अशा पिवळ्या भुकटीचा ओघळ वाळून बसला होता. अमोनिया गळाला होता, आणि तो गळाला याचा अर्थ त्याच्याबरोबरचा हायड्रोजनही निघून गेला होता. असे कूलिंग युनिट पुन्हा थंडावा देत नाही, व जागच्या जागी त्यास टाका घालून भागत नाही.

मोटरहोममधील हा फ्रिज घरच्या फ्रिजच्या कुळातला नव्हे, ही गोष्ट येथे थोड्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे. घरच्या फ्रिजमध्ये विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असतो आणि तो गुरगुरत असतो. या दुसऱ्या प्रकारात फिरणारा असा एकही भाग नाही. पोलादी नळ्यांचे एक बंदिस्त जाळे असते, त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन वातावरणाच्या वीसपटीहून अधिक दाबाखाली कोंडलेले असतात, आणि तळाशी गॅसची ज्योत अथवा विजेची कांडी पेटवली की, जी उष्णता एरव्ही अन्न नासविते तीच येथे अन्न राखावयास लागते. ज्योतीने बॉयलरमधील द्रावण तापते, त्यातून निघणारे बुडबुडे एका अरुंद नळीतून द्रवाला वर उचलतात, पाणी वेगळे होऊन खाली परतते, अमोनियाची वाफ माथ्यावरील पंखांमध्ये निवून द्रवरूप होते आणि फ्रीझरच्या पाठीमागे पोहोचल्यावर तिची गाठ हायड्रोजनशी पडते. सर्व खुबी या भेटीत आहे. नळ्यांमधील एकूण दाब सर्वत्र सारखाच असला, तरी हायड्रोजनच्या सान्निध्यात अमोनियाच्या वाट्याला येणारा दाब एकाएकी उतरतो, त्यामुळे तो पुन्हा वाफ होऊ लागतो, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता तो आपल्या भोवतालच्या कपाटातून, म्हणजेच आपल्या दुधादह्यातून, काढून घेतो. पुढे खालच्या वेटोळ्यांत पाणी अमोनियाला शोषून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन वर जातो, आणि द्रावण पुन्हा बॉयलरकडे वळते. हा सारा प्रवास गुरुत्वाकर्षण आणि उष्णता या दोघांच्या भरवशावर चालतो, म्हणून या यंत्राची आपल्या धन्याकडे मागणी एकच असते, ती म्हणजे त्याला समतलात उभे करावे. जुन्या फ्रिजांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतून एका दिशेस तीन अंश व दुसऱ्या दिशेस सहा अंश एवढ्याच कलाची मुभा दिलेली असते. गाडी धावत असताना हेलकाव्यांमुळे द्रव कोठे साचून राहत नाही. परंतु उतारावर गाडी उभी करून फ्रिज चालू ठेवला, तर बॉयलर कोरडा पडून भाजतो, पोलाद गंजू नये म्हणून द्रावणात मिसळलेला सोडियम क्रोमेट खड्यांच्या रूपाने त्या अरुंद नळीत बसतो, आणि त्या अडथळ्यास औषध नाही. आमच्या युनिटचा अंत मात्र या मार्गाने झाला नव्हता; बरीच वर्षे तापून व निवून बॉयलरची नळी सांध्यापाशी थकली होती, इतकेच.

ही युक्ती ज्यांना सुचली ते बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे 1922 साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील दोन विद्यार्थी होते, ही गोष्ट मला फार आवडते. इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने 1925 साली त्यांचे फ्रिज बाजारात आणले. पुढे आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही फिरता भाग नसलेल्या एका फ्रिजची रचना केली व त्यासाठी 1930 साली अमेरिकेचे पेटंट मिळविले, पण त्यांचा फ्रिज कोणाच्या स्वयंपाकघरात पोहोचला नाही. विश्वाची घडण उलगडणाऱ्या पुरुषाला लोण्याच्या गोळ्याने हुलकावणी दिली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या दोन विद्यार्थ्यांचे यंत्र मात्र अद्यापि कामावर आहे. विजेपासून दूर असलेल्या दवाखान्यांतून लशी राखण्याचे काम रॉकेलच्या ज्योतीवर त्याने केले, आणि पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून हॉटेलच्या खोल्यांतील लहान फ्रिजांतही पुष्कळ ठिकाणी तेच बसविलेले असते.

शिकागोनजीकच्या आमच्या घरी परतल्यावर एका गॅरेजात चौकशी केली. तेथील कारभाऱ्याने यंत्राकडे नीटसे न पाहताच संपूर्ण फ्रिज बदलण्याचा अंदाजपत्रकासह हुकूम सोडला, आणि बदलावयाचाच तर बॅटरीवर चालणारा, कॉम्प्रेसरचा, आधुनिक फ्रिज घ्यावा अशी पुस्तीही जोडली. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. नवा फ्रिज लवकर थंड होतो, थोडाबहुत कलही मानून घेतो. परंतु त्याची भूक बॅटरीवर भागते, आणि आठवडा-आठवडा विजेविना अरण्यात राहावयाचे तर बॅटऱ्या आणि छपरावरील सौर पत्रे यांचा नवा संसार मांडावा लागतो. गॅसची एक लहानशी निळी ज्योत आमचे सर्व काम बिनतक्रार करीत असताना केवळ नवेपणाच्या हौसेसाठी तिला बडतर्फ करणे मला रास्त वाटेना. कपाट, दारे, विजेचा पट्टा हे सर्व धडधाकट होते. बिघडला होता तो केवळ पाठीवरचा नळ्यांचा सांगाडा.

असा सांगाडा नव्याने बांधून देणारे कारागीर इंडियाना राज्याच्या उत्तरेस, लाग्रेंज परगण्यातील शिपशेवाना या गावाच्या आसपास आहेत, हे कळल्यावर मी तिकडे गेलो. शेजारच्याच एल्कहार्ट परगण्यात अमेरिकेतील बहुतांश फिरती घरे बांधली जातात, आणि त्याच मुलुखात आमिश पंथाची मोठी वस्ती आहे. हे लोक सार्वजनिक विजेच्या तारा आपल्या घरात येऊ देत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून प्रवास करतात आणि घरात जर्मनचीच एक बोली बोलतात. वीज निषिद्ध, परंतु दूध तर राखावयाचे. तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरांत गॅसवर चालणारे फ्रिज आले, ते बिघडू लागले, आणि त्यांच्या दुरुस्तीची विद्या या शेतकऱ्यांच्या कर्मशाळांत नांदू लागली. बग्ग्यांच्या रांगेशेजारी मी आपली गाडी उभी केली तेव्हा मला या योगायोगाची मोठी मौज वाटली. ज्यांनी गतीचा मोह धर्माज्ञेने टाळला, त्यांच्या व्रतस्थपणावर आमच्यासारख्या भटक्यांचे ताक थंड राहते! कर्मशाळेतील हत्यारे डिझेल इंजिनाने दाबलेल्या हवेवर चालत होती. टोपी आणि दाढी असलेल्या एका मध्यमवयीन कारागिराने माझ्या फ्रिजचा नमुना-क्रमांक कागदावर टिपून घेतला, काळ्या रंगाने नुकतेच रंगविलेले एक युनिट पुढे आणले, त्यावरील जोडकामावरून माझे बोट फिरवविले आणि एवढेच सांगितले की, जुना सांगाडा टाकून देऊ नका, परत आणा.

प्रत्यक्ष कामास मी आमच्या शेजाऱ्यांची मदत मागितली. ते निवृत्त प्लंबर असून गॅसच्या बाबतीत त्यांचा शिरस्ता कडक आहे. टाकीवरचा मुख्य कॉक बंद झाल्याची खात्री त्यांनी माझ्या शब्दावर न ठेवता स्वतः केली. मग एक पान्हा सांध्यावर आणि दुसरा त्याच्या विरुद्ध बाजूस धरून, तांब्याची नळी यत्किंचितही न पिळता, त्यांनी जोडणी सोडविली व उघड्या तोंडावर टोपण बसविले. विजेच्या तारांना मी चिठ्ठ्या बांधल्या. पुढचे व मागचे स्क्रू निघाल्यावर फ्रिज आपल्या कोनाड्यातून बाहेर सरकू लागला. परंतु मोटरहोमच्या दारातून तो बाहेर जाणे अशक्य, म्हणून जेवणाचे टेबल उचलून मधल्या चिंचोळ्या जागेतच शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. पत्नीने आपल्या आईच्या हातची गोधडी, मनाविरुद्ध, अंथरावयास दिली. दारे चिकटपट्टीने बांधून आम्ही फ्रिज तिच्यावर पालथा निजविला.

येथून पुढचे काम धिम्या गतीचे आहे. तत्पूर्वी हातमोजे आणि मुखपट्टी चढविणे आवश्यक, कारण ती पिवळी भुकटी विषारी असते व तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. बर्नरची पेटी, धुराड्यातील पिळाची पट्टी आणि विजेची कांडी प्रथम काढून बाजूस ठेवली. फ्रिज पालथा घालण्यापूर्वीच आम्ही आतील थंड पंखांचे व फ्रीझरच्या पत्र्याचे स्क्रू काढले होते, कारण युनिट पाठीमागून धरलेले दिसत असले, तरी त्याची खरी पकड पोटातून असते. मग पाठीवरची चंदेरी पट्टी कापली, लाकडी पाचर घालून हळूहळू उचल दिली, आणि फणसातून गरा सुटावा तसे ते चिवट फोममधून सुटले. नव्या युनिटला प्रथम कोरडेच बसवून पाहिले. एका ठिकाणी फोम तासावा लागला. त्यानंतर उष्णता वाहून नेणारा चिकट लेप थंड पत्र्यांवर सढळ हाताने थापला. या लेपात हयगय केली, तर पत्रा आणि नळी यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहतो आणि उत्तम युनिटही फुकट जाते, असे कारागिराने बजावले होते. लेप ओला असतानाच स्क्रू आवळले, भोवतालच्या फटींत फुगणारा फोम भरला आणि कडा चंदेरी पट्टीने पुन्हा मिटविल्या.

फ्रिज जागेवर परत सरकविताना एक गोष्ट ध्यानात आली, व तिचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. हे यंत्र अंतर्यामी निर्दोष असले, तरी त्याची पाठ वाऱ्याने निवली पाहिजे. खालच्या झडपेतून आत शिरलेली हवा तापून छपरावरील झरोक्यातून बाहेर पडते, आणि वाटेत तिने माथ्यावरील पंखांना स्पर्श करावा अशी योजना असते. आमच्या गाडी बांधणाऱ्यांनी पाठीमागे एवढी ऐसपैस जागा सोडली होती की, हवा पंखांना वळसा घालून परस्पर निघून जाई. शेजाऱ्यांनी एक पत्रा वाकवून पंखांच्या किंचित खाली असा बसविला की, हवेला दुसरी वाटच उरू नये. भर उन्हाळ्यात दुपारी फ्रिज गळाठतो अशी जी आमची जुनी तक्रार होती तिचे मूळ, माझ्या मते, त्या मोकळ्या जागेत होते.

साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर लावून, बुडबुडा उठत नाही हे पाहिल्यावर ज्योत पेटविली. पुढे तासन् तास काहीच घडत नाही, आणि अधीर मनुष्याची येथे कसोटी लागते. बॉयलर तापला, मग माथ्याचे पंख तापले, अधूनमधून एखाद्या बुडबुड्याचा बारीक आवाज आला, आणि सायंकाळी फ्रीझरचा पत्रा बोटांना गार लागला. पत्नीने पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पारा अडतीस फॅरनहाइटवर होता, व तिने तो आकडा भिंतीवरील कॅलेंडरात लिहून ठेवला.

जुना सांगाडा मी शिपशेवानास पोहोचविला. त्या कारागिराने गळक्या सांध्यावरून बोट फिरविले, मान हलविली आणि तो इतर सांगाड्यांच्या ढिगावर ठेवून दिला. नळ्यांचा जो भाग शाबूत आहे तो पुढे कोणा दुसऱ्याच्या फ्रिजच्या पाठीवर बसेल. अलीकडे शेजाऱ्यांच्या मोटरहोममध्येही तोच नवसागरी वास येऊ लागला आहे. त्यांनी पान्हे काढून ठेवले आहेत, आणि मीही वचनबद्ध आहेच. पत्नीने मात्र गोधडीवरील लेपाच्या डागाकडे बोट दाखवून, या खेपेस अंथरुणाची तजवीज ज्याची त्याने करावी, असे दोघांनाही बजावून ठेवले आहे.