उभ्या गाडीतले भाडेकरू

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा आमच्या धाकट्या भावाने मोबाइलवर अशा एका गाडीचे चित्र अब्बांना दाखवले. आत झोपायची सोय, छोटा ओटा, भांड्यांची फळी. अब्बांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ये तो अपनीच गाडी है. खाली रंग नया है."

अब्बांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कॅरव्हॅन म्हणजे मुळात आपला कारवाँच. फारसीतला हा शब्द युरोपात गेला, तिकडे त्याला चाके लागली आणि महागडा होऊन तो परत आला. आमच्या गाडीला मात्र गावात कोणी कॅरव्हॅन म्हणत नाही. तिचे नाव 'जियारतची गाडी'. राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या कालव्याखालच्या आमच्या गावात तिची ओळख एवढीच. जुनी मिनीबस. मागच्या रांगा काढून तिथे दोन्ही बाजूंनी लाकडी बाकडी बसवलेली, बाकड्यांवर फोमच्या गाद्या, खाली पेट्या. एका पेटीत पातेली, तवा, परात. दुसरीत तांदूळ, मसूर, तिखट-मसाल्याचे डबे. खुलदाबाद, हाजी मलंग, गुलबर्गा म्हणजे आताचे कलबुर्गी, आणि वर्षातून एखाद-दोन वेळा अजमेर. दोन-तीन कुटुंबे मिळून गाडी ठरवतात, वाटेत झाडाखाली चूल मांडतात, म्हातारी माणसे आत झोपतात. मध्ये लग्नाचे वऱ्हाडही नेतो. आमच्या तीन भावांच्या तीन चुली या एका गाडीवर पेटतात.

दिवाळीपासून मे अखेरपर्यंत गाडीला उसंत नसते. पाऊस सुरू झाला की मात्र गिऱ्हाईक घरी बसते आणि गाडी शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहते. जून ते सप्टेंबर, चार महिने. आणि गाडी उभी राहिली की तिच्यात भाडेकरू येतात. भाडे न देणारे.

उंदराला गाडी का आवडते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पावसात शेतातली बिळे पाण्याने भरतात. पुढे उसाला कोयता लागला की लपायला जागा राहत नाही. गव्हाच्या काढणीनंतरही तेच. मग कोरडी, अंधारी आणि माणूस नसलेली जागा शोधत ही मंडळी निघतात. आमच्या गाडीत तर तयार बिछाना. फोम कुरतडला की पिलांसाठी गादी, सीटखाली पडलेला बिस्किटाचा चुरा म्हणजे नाश्ता. तीन आठवड्यांत पिले होतात. जोडपे आले म्हणता म्हणता मोहल्ला वसतो.

ते येतात कुठून, हे शोधायला आम्हाला बरेच पावसाळे लागले. दारे-खिडक्या बंद असल्या तरी गाडीला भोके किती असतात, हे गाडीखाली पाठीवर झोपल्याशिवाय कळत नाही. इंजिनकडून आत येणाऱ्या वायरींची भोके, पेडलची फट, गिअरच्या दांड्याभोवतालचे फाटलेले रबर, हवा आत घेणारी नळी. पेन्सिल ज्या भोकातून जाते त्यातून लहान उंदीर जातो. रुपयाच्या नाण्याएवढी वाट मोठ्या उंदराला पुरते. डोके गेले की बाकीचे अंग आपोआप जाते. घूस मात्र आत शिरत नाही, ती शेडची जमीन पोखरते. आणि चिचुंद्रीला लोक उगाच उंदराच्या यादीत घालतात. ती कुरतडणाऱ्यांतली नाही. झुरळे, किडे खाते. वास सोडते एवढाच तिचा गुन्हा. आम्ही तिला हात लावत नाही.

वायरी का खातात, यावर नगरच्या गॅरेजांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हल्ली वायरीच्या आवरणात सोयाबीनचा अंश असतो, म्हणून उंदीर त्यावर तुटून पडतात. अमेरिकेत यावरून गाडीमालकांनी खटलेही केले. दुसरा पक्ष जुन्या मिस्त्रींचा. ते म्हणतात, आमच्या तरुणपणी सोयाबीनचे नावही नव्हते, तेव्हाही उंदीर वायरी खातच होते. आम्ही दुसऱ्या पक्षात आहोत. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. लाकूड, प्लास्टिक, रबर, जे दाताखाली येईल ते तो घासणार. वायरीची जाडी त्याला सोयीची पडते, इतकेच.

हे सगळे चार महिन्यांचे दुखणे होते तोवर आम्ही ते सोसत होतो. एखादी वायर, एखादी गादी. पण २०२० साल आले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी झाली. त्याआधी आठवडाभर गाडी खुलदाबादहून येऊन शेडमध्ये लागली होती. एप्रिल-मेची सगळी ठरलेली भाडी रद्द झाली. लोकांचे बयाणे परत केले. लग्ने पन्नास माणसांत होऊ लागली. पन्नासांत वऱ्हाडाची गाडी कोण करणार? गाडीवर कर्ज होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना मुभा दिली होती, पण व्याज थांबले नव्हते. मधल्या भावाने हातगाडीवर कांदे-बटाटे विकले. गाडीकडे जावेसेच कोणाला वाटेना. गेलो तरी डिझेल टाकून ती चालू कशी ठेवणार?

१६ नोव्हेंबर २०२०, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली. चौकशा सुरू झाल्या. आम्ही चावी फिरवली. काही नाही. बॉनेट उघडले तर बॅटरीशेजारी काथ्या, कापूस, फोम आणि उसाच्या पाचटाचे भलेमोठे घरटे. आत सहा-सात गुलाबी पिले, डोळे न उघडलेली. वायरींचा मुख्य गुच्छ दोन ठिकाणी उघडा पडलेला, तांबे चकाकत होते. हवेच्या फिल्टरमध्ये भुईमुगाची टरफले. गाद्यांबद्दल काय सांगावे? मिस्त्रीने वायरिंगचा जो आकडा सांगितला तो दोन हप्त्यांएवढा होता. तो वर म्हणाला, "नशीब समजा चालू झाली नाही. उघड्या वायरी भिडल्या असत्या तर पेटली असती."

पेटली असती, या शब्दावर अम्मा थबकली. तिला हदीस आठवली. रात्री झोपताना भांडी झाका, दारे लावा, दिवे विझवा, नाहीतर उंदीर दिव्याची वात ओढत नेईल आणि घरच्यांसकट घर जाळील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. लहानपणापासून आम्ही ते ऐकत आलो होतो. कंदील गेले, वीज आली, तेव्हा वाटले की ही ताकीद आता जुन्या काळची झाली. त्या दिवशी बॉनेटपुढे उभे राहिल्यावर वाटले, वात तीच आहे, फक्त तिच्यावर प्लास्टिक चढले आहे.

पिलांचे काय करायचे? अब्बा सरळ होते. इहराम बांधलेल्यालाही ज्या पाच जिवांना मारायची मुभा आहे, त्यांत उंदीर आहे. कावळा, घार, विंचू आणि चावरे कुत्रे यांच्यासोबत. मग इथे विचार कसला? अम्मा म्हणाली, "मारना मना नहीं, मगर तडपाना मना है." हेही हदीसमध्येच आहे: मारायचेच तर नीट मारा, हाल करू नका. पिले अब्बांनी एका क्षणात संपवली. ते कसे, ते इथे लिहीत नाही. आम्ही तिघे भाऊ दुसरीकडे बघत होतो.

या वादाचा खरा कस पुढे लागला. धाकट्याने राहुरीच्या बाजारातून चिकट पुठ्ठे आणले. उंदीर त्यावर चिकटला की सुटत नाही. पहिल्याच रात्री एक सापडला. सकाळी अम्मा गाडीत झाडू घेऊन गेली आणि तशीच बाहेर आली. तो जिवंत होता. रात्रभर ओढून ओढून एका पायाची कातडी गेली होती. अम्मा काही बोलली नाही. उरलेले पुठ्ठे तिने गोळा करून गोवऱ्यांच्या ढिगामागे ठेवले, ते आजही तिथेच धूळ खात असतील. आमच्या मते हा पुठ्ठा विकणेच बंद व्हायला हवे. उंदीर शत्रू आहे हे मान्य, पण शत्रूलाही रात्रभर मरायला लावायचे नसते.

विषाचे आमच्याकडे आधीच बंद होते. काळे औषध, म्हणजे झिंक फॉस्फाइड, शेतकरी शेतात वापरतात. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी गोळ्या खाऊ घालतात, मग औषधाच्या. कारण उंदीर नव्या अन्नाला आधी जरासे चाखतो आणि पोट बिघडले की पुन्हा शिवत नाही. शेतात ते ठीक. गाडीत विष खाल्लेला उंदीर पत्र्याच्या मागे जाऊन मरतो आणि पुढचे पंधरा दिवस गाडीत बसवत नाही. शिवाय आमच्या शेडमध्ये एक मांजरी आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची गोष्ट मदरशातल्या लहान पोरालाही पाठ असते. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला तर जाब कोणी द्यायचा?

लोकांचे उपाय सगळे करून झाले. तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये बांधली. आठ दिवसांत वास गेला आणि पुडीचे फडके घरट्यात गेले. डांबराच्या गोळ्यांचा वास उंदरांपेक्षा माणसांना जास्त त्रास देतो. ज्या गादीवर तान्ही पोरे झोपणार तिथे त्या टाकायला भाभींनी साफ नकार दिला, आणि त्यांचे बरोबर होते. पुदिन्याचे तेल, कापूर, आवाज करणारे यंत्र. यंत्राजवळच लेंड्या सापडल्या. वासाने उंदीर चार दिवस बिचकतो, मग त्याला सवय होते. माणसाला नाही का होत?

उपयोग झाला तो कंटाळवाण्या कामाचा. भोके बुजवणे. दोन माणसे, एक बॅटरी. रात्री एकाने आत बॅटरी लावायची, दुसऱ्याने गाडीखालून बघायचे. जिथून उजेड दिसेल ती वाट. मोठ्या फटींना बारीक लोखंडी जाळी आणि वर पत्र्याची पट्टी, वायरीच्या भोकांत भांडी घासायची स्टीलची तार दाबून वरून सील. साधी लोखंडी तार पावसाळ्यात गंजून गळते, म्हणून स्टीलचीच. हवेच्या नळीला जाळी, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढायची म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी. शेडमधली पाचट, लाकडे, धान्याची पोती हलवली. भिंतीपासून चार हात जागा मोकळी. गाद्या घरी माळ्यावर, मसाल्याची पेटी रिकामी, लवंगसुद्धा शिल्लक नाही. बॅटरीची वायर काढलेली. बॉनेट उघडे, कारण उजेडात त्याला घर करवत नाही. आणि भिंतीकडेने लाकडी चापाचे सापळे. दोन-तीन दिवस न लावता नुसते सुकट ठेवून, मग लावून. चाप बसला की संपले. अब्बा आणि अम्मा दोघांनाही तो चालतो.

सफाई अब्बांनी स्वतः करून घेतली आणि कोरडा झाडू कोणाला लावू दिला नाही. आधी दारे उघडी टाकून हवा, मग तोंडाला फडके, हातात मोजे, ब्लीचिंगचे पाणी शिंपडून सगळे ओले करायचे आणि मग पुसायचे. आम्हाला ते जास्तच वाटले. पण अब्बांना १९९४ आठवत होते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तेव्हा प्लेगचे रुग्ण निघाले होते. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर लोक धास्तीने घरे सोडून बाहेर राहत होते, धान्य मात्र बंद घरांत पडून होते. माणूस बाहेर आणि दाणा आत. उंदीर माजले, त्यांच्यावरच्या पिसवा माणसांवर आल्या. त्याच सप्टेंबरात सुरत रिकामी झाली. अब्बा म्हणतात, बंद घर आणि बंद गाडी यांत फरक काय?

एप्रिल २०२१ मध्ये सगळे पुन्हा बंद झाले. गाडी पुन्हा उभी राहिली, पण या वेळी आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन बघायचे, इंजिन दहा मिनिटे चालवायचे, गाडी दोन हात पुढे-मागे करायची. डिझेलचे पैसे अम्माने अंड्यांच्या विक्रीतून दिले. ७ ऑक्टोबरला दरगाहे, मशिदी, मंदिरे उघडली आणि त्याच आठवड्यात आम्ही चावी फिरवली. पहिल्या फटक्याला इंजिन लागले. डावा इंडिकेटर तेवढा लागत नव्हता. राहिलेले हप्ते फेडायला त्यापुढे दोन हंगाम गेले.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात हे सगळे ठरलेले असते, बिनबोलता होते. मांजरीची तिसरी पिढी शेडमध्ये आहे. मागच्या पावसाळ्यात एकही वायर गेली नाही. पण बॉनेट उघडे असते, म्हणून शेजारच्या बाभळीवरून एक खार दिवसाउजेडी येते आणि वायपरच्या खाचेत सुतळी, चिंध्या नेऊन भरते. तिलाही दात उंदरासारखेच आहेत. अब्बा म्हणतात, तिच्यासाठीही सापळा लावा. नातवंडे रडतात. अम्मा तिला शेंगदाणे टाकते, गाडीपासून लांब, बाभळीच्या बुंध्याशी, म्हणजे ती तिकडेच राहील. ती शेंगदाणे खाते आणि परत येते.