आभाळाला टेकलेल्या झाडावर

दोस्तांनो, माडावर सरसर चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. पण खोडच एखाद्या खोलीएवढं रुंद असेल आणि पहिली मोठी फांदी दहा मजल्यांइतकी उंच, तर कसं चढाल?

चला, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊ या. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यात इथे रेडवूड वृक्ष उभे आहेत. त्यातला 'हायपेरियन' २००६ साली सापडला. उंची ११५ मीटरांहून जास्त! कुतुबमिनारावर आणखी अर्धा कुतुबमिनार ठेवला, तरी तो खालीच राहील. शास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट शेंड्यापर्यंत चढले आणि तिथून मोजपट्टी खाली सोडून त्यांनी ही उंची मोजली.

झाडाला खिळा ठोकायचा नाही, साल सोलायची नाही. मग चढायचं कसं? आधी बाणाला बारीक दोरा बांधून तो भक्कम फांदीपलीकडे सोडतात. त्या दोऱ्याने सुतळी ओढतात आणि सुतळीने जाड दोर.

आता गंमत गाठीची! बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीनदा गुंडाळतात. भार नसेल तर ही गाठ हाताने वर सरकते. भार पडला की घर्षणाने घट्ट आवळते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्यावरून तिला 'प्रुसिक' म्हणतात. अशा दोन गाठी लागतात : एक कमरपट्ट्याला, दुसरी पायाला. पायावर उभं राहायचं, कमरेची गाठ वर सरकवायची. मग पट्ट्यात बसायचं आणि पायाची गाठ वर घ्यायची. अगदी सुरवंटासारखं!

वर काय दिसतं? फांद्यांवर साठलेली माती, तिच्यात नेच्यांची बाग आणि त्यात राहणारे सॅलॅमँडर. जमिनीवरून यातलं काहीच दिसत नाही.

आणि हायपेरियनला खरा त्रास कोणाचा झाला, माहीत आहे? दोराने चढणाऱ्यांचा नव्हे, तर खाली बघायला येणाऱ्यांचा! हजारो पावलांनी मुळांजवळची माती तुडवली गेली, नेचे नाहीसे झाले. अखेर २०२२ साली तिथे जायलाच बंदी झाली.

तुम्ही मात्र घरीच गाठ करून पाहा. खिडकीच्या गजाला जाड दोरी बांधा, तिच्यावर बुटाच्या नाडीचा फास तीनदा गुंडाळा आणि ओढा. पण हं, त्यावर लोंबकळायचं नाही! चढायचं ते शिकवणारा जाणकार सोबत असेल तेव्हाच.