गच्चीवरचा दरोडेखोर

प्रभादेवीत, सिद्धिविनायकापासून पाच मिनिटांवर, आमच्या गच्चीतल्या कढीपत्त्यावर मला चक्क दरोडेखोर सापडलाय! कालपासून भेटेल त्याला फोटो दाखवत सुटलेय.

आधी वाटलं, साधी माशी. हाकलायला हात उचलला आणि दिसलं, तिने पायांत दुसरी माशी घट्ट धरलीय! करडं, शेपटाकडे निमुळतं अंग, काटेरी पाय. वाळक्या काडीवरून भर्रकन उठायची, हवेत गिरकी घ्यायची की पुन्हा त्याच काडीवर हजर. दिराची मॅक्रो लेन्स मोबाइलला लावली आणि धडाधड चौदा फोटो काढले.

खाली येऊन पहिला फोटो मोठा केला आणि ओरडलेच! दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मधे डोक्याला खोलगट खाच, खाचेत उंचवटा, त्यावर तीन इवलेसे साधे डोळे. तोंडावर राठ केसांचा झुबका, अगदी भरघोस मिशाच. म्हणजे नक्की रॉबर फ्लाय, असिलिडी कुळातली! जगभरात या कुळाच्या सात हजारांवर जाती आहेत. शिकार बहुतेक वेळा उडता उडताच पकडायची, सोंड खुपसून लाळ सोडायची. त्या लाळेने किडा लुळा पडतो, आतून विरघळतो, मग तो शोषून घ्यायचा. झटापटीत तोंडाला इजा होऊ नये म्हणून त्या मिशा. आणि हे सगळं आमच्या कढीपत्त्यावर!

पण हिचं नाव काय? रात्री दीडपर्यंत फोटो चाळत होते. अकराव्या फोटोत सापडलं. शृंगिकेच्या टोकाला केसाएवढी काडी, आणि त्या काडीला फणीच्या दातांसारखे बारीक केस. ओमॅटिअस! वीडमन यांनी १८२१ साली नाव दिलेली प्रजाती. फणीसारखी शृंगिका ही तिच्या गोतावळ्याची खूण. तो एक फोटो मी पुन्हापुन्हा पाहिला, दर वेळी अंगावर काटा आला.

जात मात्र ठरली नाही. त्यासाठी बऱ्याचदा नराच्या शेपटाच्या टोकाची ठेवण बघावी लागते, आणि माझ्या चौदाही फोटोंत ते टोक पंखांखाली झाकलेलं.

तेव्हा तुमच्या कुंडीत अशी माशी दिसली तर हाकलू नका. एक फोटो वरून, एक समोरून चेहऱ्याचा आणि एक अगदी बाजूने, शेपटाच्या टोकापर्यंत, एवढे तीन नक्की काढा.