आजीची चटई

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पहिले वर्षभर माझी एकच धडपड : घरच्या कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि कोणत्या झाकायच्या. झाकलेल्यांत पहिला नंबर आजीचा. १९९० च्या दशकात ती पेडण्याहून निघून, फेरीबोटीने शापोरा नदी ओलांडून हणजूणला जाई आणि पौर्णिमेच्या रात्री नाचणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना चहा विकी.

दिवाळीच्या सुट्टीआधी कँटीनमध्ये 'ट्रान्स' संगीताचा विषय निघाला. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात टिएस्टो या डच डीजेने संगीत वाजविले, हे एका मित्राने अशा थाटात सांगितले की जणू हाच तिथे वाजवीत होता! दुसरा उसळला, "गर्दीचे ते कसले ट्रान्स? खरे आडबाजूच्या क्लबांत!" वाद रंगला. मी मात्र गप्प. जगाने ज्याला 'गोवा ट्रान्स' म्हटले, ते माझ्या आजीने चटईवर बसून पहाटेपर्यंत ऐकले होते.

सुट्टीत मी तिला विचारलेच, "कसं होतं गं ते गाणं?"

"शब्द नाय गो, नुसतो ठोको. पण फाटफटी सूर बदलायचो, भजनाच्या गजरासारखो. मगे सगळे च्याय मागायचे."

सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल तिथे रात्र रात्र वाजवीत असे. २०२३ साली तो वारला. त्या उकाड्यात तबकड्या वाकत, म्हणून डिजिटल कॅसेटी वापरीत, असे मी नंतर वाचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद करायला लावले. २००७ साली कांदोळीला सनबर्न महोत्सव सुरू झाला. किनाऱ्यावरचे संगीत फाटकाआड गेले.

आजी एवढेच म्हणाली, "तिकीट इला आणि माझी चटई भायर गेली."

त्या चहाच्या पैशांतून बाबांची रिक्षा आली, आणि रिक्षेतून माझी फी. कँटीनमधल्या वादात गर्दी होती, क्लब होते. कडेला स्टोव्ह पेटवून बसलेली बाई कुणाच्याच हिशेबात नव्हती. माझ्याही नव्हती, याची लाज वाटली.

सुट्टी संपल्यावर मी कँटीनमध्ये सगळे सांगून टाकले. कोणी हसले नाही. एकाने विचारले, "चहा कितीला होता?"

मला उत्तर येईना. आजीला तेवढे विचारायचे राहूनच गेले होते.