भेगा आणि ढेकूळ

मे महिन्यात संग्रामपूरकडील आमच्या वावराला भेगा पडतात. जमीन काळी, लहानपणी त्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जाई. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस दणकून झाला. मी हर्षाने ओरडलो, "बाबा, वावर भिजलं!" बाबांनी एक ढेकूळ उचलून फोडले. आत कोरडी माती! "पानी भेगीनं गेलं बापू," ते म्हणाले, "ढेकूळ भिजाले झड लागते."

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते भूगोलाच्या तासाला. सर खनिज तेल शिकवीत होते. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात तेल शोधले आणि १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल निघू लागले. माझी समजूत अशी, की तळाखाली तेलाचे तळे असेल. सर हसून म्हणाले, "तळे नव्हे, खडक! चुनखडीच्या बारीक छिद्रांत ते तेल भरलेले असते."

पुढची गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. काही देशांतील तेलाच्या खडकांना जागोजाग तडे गेलेले असतात. इराणमधील हफ्त केल हे असेच एक क्षेत्र. तेथे १९७६ सालीच खडकात नैसर्गिक वायू सोडण्यास आरंभ झाला. असा वायू सोडला की तो सोपी वाट धरतो. तड्यातून धावत जाऊन दुसऱ्या विहिरीतून बाहेर पडू पाहतो. मधल्या दगडातले तेल तसेच राहते. पण वायू तड्यात रेंगाळला, तर त्याचे कण हळूहळू दगडातल्या तेलात शिरतात. बंद खोलीत उदबत्तीचा वास पसरावा तसे! याला विसरण म्हणतात. वायू मिसळला की तेल फुगते, पातळ होते आणि थोडेथोडे तड्यात उतरते. मात्र अंतर दुप्पट झाले, की वेळ चौपट लागतो.

मित्रहो, त्या दिवशी माझे लक्ष फळ्यावरून उडाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. ताई सातवीनंतर निंदणाला जाऊ लागली. तिच्या मजुरीतून माझ्या वह्या आल्या. गेल्या वर्षी तिने एकदा कौतुकाने विचारले होते, "काय शिकवतात रे तुले कॉलेजात?" मी पटकन म्हणालो, "तुले नाही समजणार." ती काही बोलली नाही. उठून चुलीपाशी गेली. सकाळी एस. टी.ने जावे, संध्याकाळी परतावे. शिक्षण माझ्या घरावरून असे भेगेतल्या पाण्यासारखे निघून चालले होते.

त्या रात्री मी चुलीपुढच्या राखेत बोटाने खडक काढला, तडे काढले आणि ताईला सगळे सांगितले. तिने नीट ऐकले. मग विचारले, "पन तो वायू तितका वेळ थांबते काय?"

ती तेलाविषयीच विचारत होती. मला मात्र मान वर करवेना.

यंदा ताईचा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. रोज रात्री जेवणानंतर आम्ही तासभर बसतो. गणितात अजून अपूर्णांकच चालू आहेत.